कीर्ती मृतांची, जबाबदारी जिवंतांची

ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये वारला तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता. ज्या 'एंटर द ड्रॅगन'ने त्याला जगभर पोहोचवले, त्याचे यश पाहायला तो उरला नाही. 'गेम ऑफ डेथ' हा त्याचा आणखी एक चित्रपट अर्धवट पडला होता. तो १९७८ मध्ये पुरा करण्यात आला. ब्रूस लीसारख्या दिसणाऱ्या नटांना त्याच्या जागी उभे केले, जुन्या चित्रपटांतले तुकडे जोडले आणि कथेतला नायक मेल्याचे सोंग करतो त्या प्रसंगासाठी ब्रूस लीच्या खऱ्या अंत्यविधीचे चित्रण वापरले. उघड्या शवपेटीतला चेहरा खरोखरच त्याचा होता. लोकांनी तिकिटे काढून तो पाहिला.

यातले ब्रूस लीने काहीच ठरवले नव्हते. निर्मात्याने ठरवले, वितरकाने विकले, प्रेक्षकाने पाहिले. तरीही प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूनंतर 'नाव अमर झाले' असे आपण म्हणतो, जणू ते आपसूक घडले. माझे म्हणणे असे की मरणोत्तर कीर्तीत आपसूक काहीच घडत नाही. ती जिवंत माणसांची करणी असते. वारस, निर्माते, संपादक, न्यायाधीश, चाहते आणि साधे वाचक-प्रेक्षक, सगळ्यांचे हात तिला लागलेले असतात. म्हणून तिच्या बऱ्यावाईटाचा जाबही जिवंतांनाच द्यावा लागतो. तो कोणाकडे किती जातो, हे इथे तपासायचे आहे.

वारसांच्या हातात

व्हिन्सेंट व्हॅन गॉग २९ जुलै १८९० रोजी गेला. त्याला आयुष्यभर पोसणारा धाकटा भाऊ थिओ सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये गेला. मागे राहिली थिओची बायको योहाना, वय २८, पदरी तान्हा मुलगा आणि घरात शेकडो चित्रे, ज्यांना तेव्हा बाजारात फारशी किंमत नव्हती. ती हॉलंडमधल्या बुसुम गावी गेली, भाडेकरू ठेवून घर चालवू लागली आणि उरलेल्या वेळात चित्रांच्या मागे लागली. टीकाकारांना भेटली, प्रदर्शने भरवली. १९०५ मध्ये ॲमस्टरडॅमला व्हॅन गॉगचे प्रचंड प्रदर्शन झाले. १९१४ मध्ये तिने व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली पत्रे छापून आणली. चित्रे विकताना कुठले चित्र कोणाकडे जावे याचा ती विचार करी. आज आपण व्हॅन गॉगला जगाने उशिरा ओळखले असे म्हणतो, पण जगाने स्वतःहून काहीच ओळखले नव्हते. एका विधवेने ३० वर्षांहून अधिक काळ खटपट करून जगाला ते दाखवून दिले.

फ्रान्झ काफ्काचे प्रकरण उलटे आहे. आपली अप्रकाशित हस्तलिखिते जाळून टाक, असे त्याने मित्राला, मॅक्स ब्रोडला सांगून ठेवले होते. काफ्का जून १९२४ मध्ये गेला आणि ब्रोडने 'द ट्रायल' पुढच्याच वर्षी प्रकाशित केली. मृत मित्राची स्पष्ट इच्छा मोडल्यामुळे विसाव्या शतकाला त्याचा एक मोठा लेखक मिळाला. मला ब्रोडचा निर्णय बरोबर वाटतो, कारण त्याने तो उघडपणे घेतला. आपण ही सूचना पाळणार नाही, असे त्याने काफ्काला तोंडावर सांगितले होते आणि पुढेही ही गोष्ट कधी लपवली नाही. मृताच्या नावाने काही करायचे असेल तर 'हे मी केले, या कारणाने केले' असे म्हणण्याची तयारी हवी. योहानाकडे ती होती, ब्रोडकडेही होती. 'गेम ऑफ डेथ'मध्ये अंत्ययात्रा घालणाऱ्यांकडे असे सांगण्याजोगे कुठले कारण होते?

आपली उशिरा येणारी आठवण

दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि या देशातल्या चित्रपटधंद्याचा पाया घातला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला वारले तेव्हा तो धंदा त्यांना जवळजवळ विसरला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

योगायोग असा की त्याच वर्षी, १८ जुलैला, अण्णाभाऊ साठे गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. 'फकिरा'ला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीने मैदाने गाजवली होती, पुस्तके परभाषांत गेली होती. तरी शेवटची वर्षे हलाखीतच गेली. २००२ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. जयंतीला आज गावोगावी मिरवणुका निघतात आणि त्या निघाव्यात, कारण ज्या समाजाला इतरांनी पुस्तकांबाहेर ठेवले त्याला अण्णाभाऊंच्या नावाने ताठ उभे राहता येते. मरणोत्तर कीर्तीचे हे खरे मोल आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. पण मिरवणुकीतल्या पुढाऱ्यांना एक प्रश्न विचारायला हवा. आज असाच एखादा शाहीर, असाच एखादा लेखक कुठल्या वस्तीत औषधाच्या पैशांसाठी अडला आहे, याची यादी कोणाकडे आहे का?

गुरुदत्तचीही हीच गत. 'कागज के फूल' १९५९ मध्ये पडला आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्याने आपले नाव पुन्हा पडद्यावर येऊ दिले नाही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी तो गेला, वय ३९. तोच 'कागज के फूल' पुढे चित्रपट शिकवणाऱ्या वर्गांत दाखवला जाऊ लागला आणि 'प्यासा' २००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या शंभर श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत आला. गेलेल्या माणसाचे कौतुक करायला खर्च येत नाही आणि तो आपल्याकडे काही मागायलाही येत नाही. जिवंत कलावंत मात्र मानधन मागतो, मतभेद करतो, कधी वाईट काम करतो, कधी नकोसे बोलतो. त्याला सांभाळणे कठीण असते. मृताचा गौरव आपण इतक्या उत्साहाने करतो त्यात या सोयीचाही मोठा भाग आहे.

नावाचा बाजार

मरणानंतरचा पैसा ही वेगळीच दुनिया आहे. एल्विस प्रेस्ली १६ ऑगस्ट १९७७ रोजी गेला तेव्हा त्याच्या मिळकतीवर करांचा आणि खर्चाचा बोजा होता. मुलगी लहान होती. घटस्फोटित पत्नी प्रिसिला हिने विश्वस्त म्हणून १९८२ मध्ये मेम्फिसमधले त्याचे घर, ग्रेसलँड, लोकांसाठी खुले केले. दोनच वर्षांनी टेनेसी राज्याने माणसाचे नाव आणि प्रतिमा यांवरचा हक्क वारसांकडे जाईल असा कायदा केला. 'फोर्ब्स' मासिक २००१ पासून सर्वाधिक कमाई करणाऱ्या मृत प्रसिद्धांची यादी छापते. अशी यादी निघू शकते, यातच सगळे आले.

मेरिलिन मन्रोची कहाणी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. १९४९ मध्ये, हातात पैसा नसताना, तिने ५० डॉलरसाठी नग्न छायाचित्रे काढू दिली. १९५३ मध्ये ह्यू हेफनरने त्यांपैकी एक 'प्लेबॉय'च्या पहिल्या अंकात छापले. तिला विचारले नाही आणि एक पैसाही दिला नाही. ती ऑगस्ट १९६२ मध्ये गेली. तीस वर्षांनी हेफनरने तिच्या थडग्याशेजारची जागा ७५ हजार डॉलरना विकत घेतली आणि २०१७ मध्ये तो तिथेच पुरला गेला. तिने मृत्युपत्रात आपला मोठा ठेवा अभिनयाचे गुरू ली स्ट्रासबर्ग यांच्या नावे केला होता. ते गेल्यावर तो त्यांच्या नंतरच्या पत्नीकडे गेला, जिचा मन्रोशी काही संबंध नव्हता. १९९९ मध्ये तिच्या कपड्यांचा आणि वस्तूंचा न्यूयॉर्कला लिलाव झाला तेव्हा १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली.

यातले प्रत्येक पाऊल तेव्हाच्या कायद्यात बसणारे होते. शेजारची जागा घेणे हा गुन्हा नाही, लिलाव हा गुन्हा नाही. म्हणूनच जबाबदारीचा प्रश्न कायद्याच्या पुढचा आहे. जिवंतपणी जिला कधी विचारले नाही तिच्या मरणातही तिला न विचारता जागा धरणे, हे माणूस म्हणून कसे आहे, याचा निवाडा न्यायालय करत नाही. तो समाजाने करायचा असतो.

कायदा कुठवर येतो

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. चेहरा, आवाज आणि आयुष्य यांचे तसे नाही. जयललितांच्या जीवनावरच्या चित्रपटाला त्यांच्या भाचीने हरकत घेतली तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मान्य केली नाही. नट सुशांतसिंह राजपूतच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध त्याचे वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क माणसाबरोबरच संपतो, तो वारशाने मिळत नाही. कॅलिफोर्नियात प्रसिद्धीचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. तरीही मन्रोच्या वारसांना तो मिळाला नाही. कर वाचवण्यासाठी ती न्यूयॉर्कची रहिवासी होती असे त्यांनी पूर्वी सांगितले होते आणि २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना त्याच शब्दांवर धरले.

आपल्या न्यायालयांची भूमिका मला एका मर्यादेपर्यंत पटते. चरित्र आणि चरित्रपट यांच्या चाव्या घरच्यांकडे दिल्या तर खरे चरित्र लिहिलेच जाणार नाही. मराठीत आधीच चरित्रे कमी आणि चरणस्पर्श जास्त अशी स्थिती आहे. नातेवाइकांच्या संमतीशिवाय लिहिता आलेच पाहिजे. पण एखाद्याबद्दल लिहिणे वेगळे आणि त्यालाच पुन्हा बोलायला लावणे वेगळे. २०१६ च्या 'रोग वन' या चित्रपटात १९९४ साली वारलेल्या नट पीटर कुशिंगचा चेहरा संगणकाने पुन्हा उभा केला. २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या गाण्यात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असे त्यांनी जाहीर केले. सगळेच इतके करत नाहीत. जिवंत गायकाच्या आवाजाची नक्कल रोखणारा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या प्रकरणात दिला. दिवंगत गायकाला असे स्पष्ट संरक्षण आज नाही. ते द्यायला हवे. जो शब्द माणसाने कधी उच्चारला नाही तो त्याच्या आवाजात घालणे ही खोटी साक्ष आहे आणि साक्षीदार ती खोडून काढायला येऊ शकत नाही.

बातमीचा वाटा

राजकन्या डायना ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये अपघातात गेली. पहिल्या दिवसापासून सगळा राग पाठलाग करणाऱ्या छायाचित्रकारांवर निघाला. एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या ज्युरीने जो निकाल दिला तो मला जबाबदारीच्या विचाराचा नमुना वाटतो. तिच्या गाडीचा चालक बेदरकार होता, पाठलाग करणाऱ्या गाड्याही बेदरकार होत्या. चालक दारू प्यालेला होता. डायनाने सीटबेल्ट लावला नव्हता, याचीही नोंद केली. ज्युरीने एकाला राक्षस आणि बाकीच्यांना निर्दोष ठरवले नाही. प्रत्येकाच्या पदरात त्याचा वाटा टाकला. फक्त एक वाटा त्या निकालात येऊ शकत नव्हता, तो म्हणजे ती छायाचित्रे असलेली वर्तमानपत्रे रोज विकत घेणाऱ्या लाखो लोकांचा.

आपल्याकडे सुशांतसिंह राजपूत १४ जून २०२० रोजी मुंबईत गेला तेव्हा असे काहीच घडले नाही. टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाला काही वाहिन्यांनी रोज संध्याकाळी एक नवा आरोपी दिला. त्याच्या मैत्रिणीची जी अवहेलना झाली ती कुठल्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये एम्सच्या वैद्यकीय मंडळाने खुनाची शक्यता फेटाळली. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांच्या समांतर खटल्यावर कडक ताशेरे ओढले आणि आत्महत्येची बातमी कशी द्यावी यासाठी मर्यादा आखून दिल्या. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनेही तपास बंद करण्याचा अहवाल दिला. एवढ्या काळात एका गुणी नटाच्या कामावर किती चर्चा झाली आणि त्याच्या मरणावर किती, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे.

आत्महत्येच्या अशा बातम्यांनी जीव जातात. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवले की मन्रोच्या मृत्यूच्या महिन्यात अमेरिकेतल्या आत्महत्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या होत्या. नट रॉबिन विल्यम्स ऑगस्ट २०१४ मध्ये गेला, त्यानंतरच्या पाच महिन्यांत त्या जवळपास १० टक्क्यांनी अपेक्षेपेक्षा जास्त झाल्या, असे २०१८ च्या अभ्यासात आढळले. उलट १९९४ मध्ये रॉकगायक कर्ट कोबेन गेल्यावर सिएटलमध्ये अशी वाढ दिसली नाही. तिथे बातम्यांत मदतीचे दूरध्वनी क्रमांक दिले गेले आणि त्याच्या कृत्याला मोठेपण दिले गेले नाही. म्हणजे तीच घटना, पण मांडणी बदलली की परिणाम बदलतो. ज्याच्या हाती मांडणी, त्याच्याकडे जबाबदारी.

काळी बाजू

मृताबद्दल वाईट बोलू नये, असे आपण घरात शिकतो. खासगी दुःखात ते योग्यच आहे. सार्वजनिक आयुष्यात मात्र ही शिकवण गुन्हेगाराला आडोसा देते. ब्रिटनचा लाडका निवेदक जिमी सॅव्हिल ऑक्टोबर २०११ मध्ये वारला. त्याच्या लैंगिक अत्याचारांवरचे काम बीबीसीच्या वार्ताविभागात चालू होते. ते थांबवले गेले आणि त्या नाताळात त्याला आदरांजली वाहणारे कार्यक्रम दाखवले गेले. वर्षभराने दुसऱ्या वाहिनीने सत्य बाहेर काढले. जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालात २१४ गुन्ह्यांची नोंद होती. बळी पडलेल्यांत बहुसंख्य अल्पवयीन होते. त्याच्या कबरीवरचा दगड घरच्यांनी काढून टाकला.

सॅव्हिल शिक्षेवाचून गेला. जिवंत माणसांपैकी ज्यांनी पाहिले, ऐकले आणि गप्प बसले, ते मात्र मागे होते. म्हणून मरणोत्तर चौकशी निरर्थक नसते. तिने मृताला शिक्षा होत नाही, पण पीडितांचे म्हणणे खरे मानले जाते आणि पुढच्या वेळी गप्प बसणे कठीण होते. थोर कलाकृती आणि वाईट वर्तन एकाच माणसात असू शकतात. दोन्ही लिहून ठेवावे. एकाने दुसरे पुसू नये.

चाहत्यांचे दोन मार्ग

१२ एप्रिल २००६ रोजी कन्नड नट राजकुमार गेले आणि बंगळुरू पेटले. पोलीस गोळीबारात माणसे गेली, एका पोलीस शिपायाला जमावाने मारले. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच त्यांच्या अंत्यदर्शनाची वाट बंद केली. त्याच राजकुमारांनी नेत्रदान केले होते.

त्यांचा धाकटा मुलगा पुनीत २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याचेही नेत्रदान झाले आणि त्याच्या नेत्रपटलांमुळे चार जणांना दृष्टी मिळाली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे संकल्प करणाऱ्यांची रीघ लागली. कुटुंब तेच, शहर तेच, प्रेमही तसेच. पंधरा वर्षांत फरक पडला कारण कुटुंबाने, डॉक्टरांनी आणि प्रशासनाने त्या प्रेमाला वाट काढून दिली आणि असंख्य चाहत्यांनी ती धरली. गर्दी आंधळी असते असे म्हणून आपण गर्दीतल्या माणसाला सोडून देतो. पुनीतच्या चाहत्यांनी दाखवले की गर्दीतल्या माणसालाही निवड असते.

आपला वाटा

स्वतः प्रसिद्ध माणसालाही यात काही करता येते. रॉबिन विल्यम्सने मृत्यूपूर्वी कागदपत्रे करून आपले नाव आणि चेहरा यांचा व्यापारी वापर मृत्यूनंतर २५ वर्षे, म्हणजे २०३९ पर्यंत, करता येणार नाही असे बंधन घातले. आपल्या नटांनी, गायकांनी, लेखकांनी हे शिकावे. आवाज वापरायचा की नाही, अप्रकाशित लेखन छापायचे की नाही, डायऱ्या कोणाकडे द्यायच्या, हे शहाणपण शाबूत असताना लिहून ठेवावे. सरकारने मृताचा चेहरा आणि आवाज यांच्या कृत्रिम वापरासाठी ठरावीक मुदतीचा कायदा करावा, पण चरित्र, टीका आणि संशोधन त्यातून मोकळे ठेवावे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे. ती वेळेवर आणि सन्मानाने हाती पडते का, यावर पुतळ्याच्या उंचीइतकीच चर्चा व्हावी.

आणि आपण? कुणी प्रसिद्ध माणूस गेला की पहिल्या तासात आपल्या हातात फोन असतो. घरच्यांच्या रडण्याची चित्रफीत पुढे पाठवायची की नाही, हे आपण ठरवतो. तर्क लढवणारा कार्यक्रम पाहायचा की बंद करायचा, हेही आपणच ठरवतो. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि कुणाची परवानगी लागत नाही. त्या माणसाचे एखादे पुस्तक विकत घ्यावे, त्याचा एखादा चित्रपट पुन्हा पाहावा, त्याच्या कामातले काय आवडले ते चार माणसांशी बोलावे, आणि त्याच्याच क्षेत्रात आज राबणाऱ्या एखाद्या अनाम माणसाच्या प्रयोगाचे तिकीट काढावे. एवढे केले तर आपल्या वाट्याची जबाबदारी आपण उचलली असे म्हणता येईल.